बेगारला इंग्रजीत काय म्हणतात?

भारताच्या राज्यघटनेचं कलम २३ इंग्रजीतून वाचताना एका शब्दापाशी डोळा थांबतो. माणसांचा व्यापार, बेगार आणि तशाच प्रकारची इतर सक्तीची मजुरी यांना मनाई आहे, असं ते कलम सांगतं. सगळं वाक्य कायद्याच्या घोटीव इंग्रजीत, आणि मधोमध ‘बेगार’. भाषांतर नाही, खुलासाही नाही.

इंग्रजी शब्द सापडला नसेल, हे पटत नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेले डॉ. आंबेडकर. अमेरिकेच्या घटनेतली १८६५ची तेरावी दुरुस्ती सगळ्यांना माहीत होती आणि तिच्यात ‘स्लेव्हरी’ आणि ‘इन्व्हॉलंटरी सर्व्हिट्यूड’ असे दोन तयार शब्द होते. तरी आपल्या कलमात ‘स्लेव्हरी’ नाही, ‘बेगार’ आहे. मला वाटतं, यामागे एक साधी जाणीव असावी: इथे जे बंद करायचं होतं, त्याचं नाव इंग्रजीत नव्हतंच. चुकीचं नाव लिहिलं असतं, तर बंदी भलत्याच गोष्टीवर आली असती आणि खरी गोष्ट बाजूने निसटून गेली असती.

मी जालना जिल्ह्यातला. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडच्या सालगड्याबद्दल, उचलीबद्दल, ऊसतोडीबद्दल इंग्रजीत काही वाचलं की दर वेळी वेगळाच शब्द समोर येतो. कुणी ‘मायग्रंट वर्कर’ लिहितं, कुणी ‘बाँडेड लेबर’, कुणी थेट ‘मॉडर्न स्लेव्हरी’. हे समानार्थी शब्द असते तर प्रश्न नव्हता. पण यातला एक शब्द असा आहे, की तो योग्य कागदावर योग्य सहीनिशी आला तर माणसाच्या डोक्यावरचं कर्ज त्या क्षणी शून्य होतं. बाकीच्या शब्दांत ती ताकद नाही. म्हणून हे शब्द वेगवेगळे करून बघायला हवेत.

वेठ अधिक बिगार

सुरुवात आपल्याच शब्दापासून. ‘वेठबिगार’ हा जोडशब्द आहे आणि त्याचे दोन्ही भाग एकच गोष्ट सांगतात. ‘वेठ’ आली संस्कृत ‘विष्टी’मधून. विष्टी म्हणजे राजाने किंवा गावच्या सत्ताधाऱ्याने फुकट करवून घेतलेलं काम. पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात दान दिलेल्या गावाला ज्या सवलती आहेत, त्यांत सर्व प्रकारच्या विष्टीतून सुटका हीसुद्धा आहे. म्हणजे ज्या गावांना असा ताम्रपट मिळाला नाही, तिथे वेठ चालूच होती. ‘बिगार’ किंवा ‘बेगार’ फारसीतून आली. राज्यकर्ते बदलले, दरबाराची भाषा बदलली, पण ओझं वाहणारा माणूस तोच राहिला. मराठीने जुना आणि नवा असे दोन्ही शब्द शेजारी ठेवले, ‘कागदपत्र’ किंवा ‘धनदौलत’मध्ये ठेवले तसे.

हा शब्द इंग्रजीत समजावण्याचं काम मोल्सवर्थने केलं. कंपनीच्या लष्करातला हा अधिकारी, कँडी बंधू आणि मराठी पंडितांचा ताफा यांनी मिळून मराठी-इंग्रजी कोश तयार केला. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्यात बेगारचा अर्थ असा आहे: सरकारने किंवा सत्तेतल्या माणसाने मोबदला न देता वसूल केलेली मेहनत.

आता थेट १९८२वर येऊ. दिल्लीत एशियाडची तयारी चालू होती. स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतनही पूर्ण मिळत नव्हतं. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ सप्टेंबर १९८२ला निकाल आला. तो लिहिताना न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्यापुढे एक प्रश्न हाही होता, की घटनेतला हा ‘बेगार’ म्हणजे नक्की काय? त्यांनी आधार घेतला मोल्सवर्थचा. मराठी माणसांच्या तोंडचे शब्द गोळा करून केलेला कोश सव्वाशे वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात कामी आला.

पण न्यायालय तिथेच थांबलं नाही. कलमात ‘बेगार’पुढे ‘आणि तशाच प्रकारची इतर सक्तीची मजुरी’ असंही आहे. म्हणजे काहीतरी मजुरी दिली, एवढ्याने मालक सुटत नाही. शिवाय सक्ती फक्त काठीची नसते. उपासमारीमुळे, दुसरा मार्गच नसल्यामुळे माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर तीही सक्ती, असं न्यायालयाने सांगितलं.

स्लेव्ह: ज्याची पावती होते

‘स्लेव्ह’ या शब्दाचा गाभा मालकी. राष्ट्रसंघाच्या १९२६च्या करारात गुलामगिरीची व्याख्या याच मुद्द्यावर उभी आहे: एका माणसावर दुसऱ्याचे मालकीहक्क चालतात अशी अवस्था. गुलामाला विकता येतं, आंदण देता येतं, वारसाला ठेवता येतं.

मराठी मुलखात हे होतं का? होतं. पेशवाईतल्या कागदांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे शब्द भेटतात, आणि त्यांच्यासोबत किमतीही भेटतात. इथे इंग्रजीत लिहिणाऱ्याचा पाय हमखास घसरू शकतो. कुणबीण म्हणजे कुणबी जातीची बाई, असं समजून भाषांतर केलं तर इतिहासातून एक गुलाम स्त्री गायब होते. त्या कागदांत कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई. तिथे ‘स्लेव्ह’ हाच शब्द बरोबर आहे, त्याहून सौम्य काहीही लिहिणं चूक.

गंमत म्हणजे इंग्रजीतही अगदी असंच झालं आहे. ‘बाँडेज’ हा शब्द बांधण्याच्या ‘बाँड’वरून आला असं वाटतं, पण त्याचं मूळ दुसरीकडे आहे. जुन्या नॉर्स भाषेत ‘बोंदी’ म्हणजे घरदार, शेतीवाडी असलेला माणूस. ‘हजबंड’मधला ‘बंड’ तोच. पुढे इंग्लंडमध्ये जमीनदारांचं राज्य आलं, शेतकऱ्याची पत घसरली, आणि शेतकरी या अर्थाचा शब्द बांधलेल्या कुळासाठी वापरला जाऊ लागला. बांधण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. तिकडे शेतकऱ्यावरून ‘बाँडेज’, इकडे कुणब्यावरून ‘कुणबीण’. दोन भाषांची भेटगाठ नसताना दोघींनी सारखीच वाट धरली.

कायद्याने काय केलं? ब्रिटिश साम्राज्यातल्या गुलामगिरीविरुद्ध १८३३मध्ये झालेल्या प्रसिद्ध कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळलेला होता. इथे १८४३चा पाचवा कायदा आला. त्याने गुलामगिरीला गुन्हा ठरवलं नाही, फक्त माणसावरची मालकी कोर्टात चालणार नाही असं सांगितलं. माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती १८६०च्या दंडसंहितेत. जालना तर तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे कंपनीचा कायदा इथे लागूही नव्हता.

१८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, तिला इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना ती अर्पण केली. शूद्रातिशूद्रांची बाजारात विक्री होत नव्हती, हे फुल्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी ‘स्लेव्हरी’ हाच शब्द घेतला, कारण त्यांना जगापुढे एक तुलना मांडायची होती, आणि ती त्यांनी पुस्तकभर युक्तिवाद करून सिद्ध केली. पुढे डॉ. आंबेडकरांनी हीच तुलना उलटी करून तपासली. गुलाम विकत घेतलेला असतो, म्हणून मालक त्याला निदान जगवतो. अस्पृश्याला तेवढंही संरक्षण नाही. दोघांनी शब्द मोठा वापरला, आणि त्याची किंमत युक्तिवादाने चुकती केली.

आमच्या धंद्यात मात्र हा शब्द फार स्वस्तात वापरला गेला. डेटाबेसची मूळ प्रत ‘मास्टर’ आणि तिच्या हुकमाने चालणाऱ्या प्रती ‘स्लेव्ह’, असं आम्ही वर्षानुवर्षं लिहिलं. रेडिसने २०१८मध्ये ‘रेप्लिका’ स्वीकारलं, मायएसक्यूएलने २०२०मध्ये बदल जाहीर केला, गिटहबवर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या प्रकल्पांची मुख्य शाखा ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ झाली. चांगलंच झालं. पण शब्द बदलल्याने यंत्राचं काही बिघडलं नाही, कारण यंत्रावर कर्ज नव्हतं. माणसांबाबत शब्द बदलला की हिशोब बदलतो.

बाँडेड: ज्याचा हिशोब मिटत नाही

‘बाँडेड लेबर’चा गाभा मालकी नाही, कर्ज. माणूस कुणी विकत घेतलेला नसतो. त्याने पैसे घेतलेले असतात, आणि ते फेडायला त्याच्याकडे स्वतःच्या मेहनतीशिवाय काही नसतं.

महाराष्ट्रात याचं सर्वांत उघडंवाघडं रूप ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर होतं. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि बदल्यात नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं, बहुतेक वेळा आयुष्यभर. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरवून उठले. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेचा तो लढा. ‘लग्नगडी’ला इंग्रजीत ‘स्लेव्ह’ लिहिलं तर लग्नासाठी घेतलेलं कर्ज दिसेनासं होतं, आणि नुसतं ‘लेबरर’ लिहिलं तर बंधन दिसेनासं होतं.

देशपातळीवरचा कायदा २५ ऑक्टोबर १९७५पासून लागू झाला, आधी वटहुकूम म्हणून आणि मग १९७६चा कायदा म्हणून. या कायद्यात एक विलक्षण यादी आहे. बाँडेड लेबरच्या व्याख्येखाली देशभरातल्या अशा प्रथांची स्थानिक नावंच दिली आहेत: भगेला, जीथा, कामिया, हरवाई, सागरी, पालेरू, वेट्टी... अशी तीसेक. इंग्रजी कायद्यात पुन्हा एकदा इथलेच शब्द, कारण पुन्हा तीच अडचण.

ही यादी मी आमच्याकडचा शब्द शोधत वाचली. भगेला आणि वेट्टी हे तेलंगणातले शब्द. जालना आणि तेलंगणा १९४८पर्यंत एकाच निजामाखाली आणि १९५६पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. तिकडचे शब्द यादीत पोचले. ‘सालगडी’ नाही, ‘लग्नगडी’ही नाही. यादी नमुन्याची आहे, त्यामुळे नाव नाही म्हणून कायदा लागू नाही असं होत नाही. पण ज्याचं नाव छापलेलं नाही त्याला ‘आम्हीही यातच येतो’ हे आधी सिद्ध करत बसावं लागतं.

म्हणून व्याख्या नीट वाचावी लागते. मजूर सक्तीने किंवा अंशतः सक्तीने राबत असला पाहिजे, आणि त्यामागे काहीतरी देणं असलं पाहिजे. ते स्वतः किंवा आईबापांनी घेतलेली आगाऊ रक्कम असेल, रूढीचं बंधन असेल किंवा विशिष्ट जातीत जन्म असेल. कागदावर लिहिलेलं असो वा नसो. आणि त्यापायी पुढच्या चारांपैकी काहीतरी गमावलेलं असलं पाहिजे:

एक, तो बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम करतो. किमान वेतनापेक्षा कमी म्हणजे नाममात्र.
दोन, त्याला दुसरीकडे काम धरता येत नाही.
तीन, त्याला हवं तिथे जाता येत नाही.
चार, स्वतःचा माल किंवा मेहनतीचं उत्पन्न बाजारभावाने विकता येत नाही.

या चारांच्या मध्ये ‘आणि’ नाही, ‘किंवा’ आहे. कोड लिहिणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ‘आणि’ असतं तर चारही गोष्टी एकदम सिद्ध कराव्या लागल्या असत्या. ‘किंवा’ आहे, म्हणजे एक खरी ठरली तरी पुरे. लोकांच्या डोक्यात मात्र ‘आणि’च असतं: बिनपगारी, कोंडलेला, मार खाणारा, पिढ्यानपिढ्या बांधलेला असा माणूस दिसला तरच ते वेठबिगार म्हणतात.

ही चाळणी दुसऱ्या बाजूनेही चालते. ऑफिसात आम्ही दोन वर्षांच्या बाँडवर सही केली की स्वतःला ‘बाँडेड लेबर’ म्हणून हसतो, रविवारी कॉल आला की ‘कॉर्पोरेट स्लेव्ह’ म्हणतो. त्रास खरा असतो, शब्द खोटा. आम्ही राजीनामा टाकू शकतो. रात्रीच्या बसने गाव गाठलं, तर मागे कुणी जीप घेऊन येत नाही.

शहागडच्या पुलावरून

दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. वडीगोद्रीवरून शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडून पुढे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. वर भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, लेकरं. गळीत हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत घरं बंद.

निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती बहुतेक वेळा निघण्यापूर्वीच लग्नात, दवाखान्यात, मागच्या देण्यात गेलेली असते. फडात टनाच्या हिशोबाने तोड होते आणि ती उचलीतून वजा होत जाते. ऊस कमी भरला, बैल मेला, माणूस आजारी पडला, तर हंगामाअखेर अंगावर ‘बाकी’ राहते, आणि पुढच्या वर्षी तीच बाकी माणसाला फडात घेऊन येते. एक दिवस काम चुकलं तर ‘खाडा’, त्याचे पैसे वेगळे कापले जातात. तोडणीचा दर वाटाघाटीने ठरतो. जानेवारी २०२४मध्ये तो ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. पण दर वाढल्याने बाकी आपोआप मिटत नाही.

हे सगळे बाँडेड लेबरर आहेत, असं सरसकट लिहिणं बरोबर नाही. घासाघीस करून चांगली उचल घेणाऱ्या, हंगाम करून ती फेडणाऱ्या, पुढच्या वर्षी मुकादम बदलणाऱ्या जोड्याही आहेत. उचल घेऊन माणसं आलीच नाहीत म्हणून बुडालेले मुकादमही आहेत. उचल असणं म्हणजे बंधन नव्हे. बाकी फिटेपर्यंत फड सोडता येतो का, दुसऱ्या टोळीत जाता येतं का, घरात मयत झाली तर गावी जाता येतं का, आणि कामाचे तास धरून हिशोब केला तर किमान वेतन पडतं का, हे विचारावं लागतं. एकाचंही उत्तर नकारार्थी आलं, तर ‘मायग्रंट वर्कर’ हा शब्द अपुरा आहे.

आणखी एक शब्द बघण्यासारखा आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. टोळीत किती माणसं असं कुणी विचारत नाही, किती कोयते असं विचारतात. दोन माणसं मिळून एक हत्यार होतं, आणि उचलीचा व्यवहार बहुधा नवऱ्याशी होतो. इंग्रजीत ‘कपल’ लिहिलं की प्रेमळ वाटतं, आणि बायकोचं स्वतंत्र काम आणि स्वतंत्र मजुरी दोन्ही पुसली जातात. कायदा इथे लेखकांपेक्षा सावध निघाला. देणेकऱ्याने स्वतः किंवा कुटुंबातल्या कुणामार्फत केलेलं काम, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. उचल तिने घेतली नाही म्हणून ती व्याख्येबाहेर जात नाही.

भाषांतरात काय सांडलं

आता मूळ गोम. इंग्रजी कायद्याच्या भाषेत दोन शब्द आहेत. घटनेतला ‘बेगार’, ज्यात मोबदला नसणं मुख्य. आणि १९७६च्या कायद्यातला ‘बाँडेड’, ज्यात कर्ज मुख्य. मराठीत आपण दोन्हींना ‘वेठबिगार’च म्हणतो. हिंदीने ‘बंधुआ’ म्हणून बंध तरी राखला. मराठीतही ‘बंधबिगार’ हा शब्द कधीमधी दिसतो, पण बोलण्यात तो रुळला नाही.

याचा परिणाम शब्दकोशापुरता राहत नाही. मजूर तक्रार घेऊन गेला आणि समोरच्याच्या मनात ‘वेठबिगार म्हणजे फुकट राबणारा’ असं पक्कं असेल, तर पहिला प्रश्न येतो: तुला उचल मिळाली ना? टनाचा दर मिळतो ना? मग वेठबिगार कसला? जी उचल त्याच्या बंधनाचा पुरावा आहे, तीच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते. प्रकरण देण्याघेण्याचा वाद म्हणून मिटवलं जातं, किंवा उचल बुडवल्याची तक्रार उलट त्याच्यावरच होते.

तेच प्रकरण ‘बाँडेड लेबर’ म्हणून नोंदलं तर काय होतं? करार रद्द ठरतो. कर्ज फेडण्याची जबाबदारी संपते. संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणाऱ्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कर्ज बंधनाचं नाही, हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर नाही, पैसे देणाऱ्यावर येतो. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतं. मजुराला मुक्तीचं प्रमाणपत्र मिळतं, आणि २०१६च्या केंद्रीय योजनेप्रमाणे प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अत्यंत गंभीर शोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपयांची पुनर्वसन मदत ठरलेली आहे. शिवाय फरिदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या याचिकेवर, १६ डिसेंबर १९८३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे, की सक्तीची मजुरी दिसली तर ती आगाऊ रकमेपोटी किंवा तशाच आर्थिक कारणापोटी आहे असं आधी गृहीत धरा. तसं नाही, हे मालकाला दाखवू द्या.

म्हणजे घटना एकच, माणूस तोच, फड तोच. कागदावर ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहिलं तर तो देणेकरी आहे, ‘बाँडेड’ लिहिलं तर तो मुक्त आहे.

म्हणून आमच्या जिल्ह्याबद्दल इंग्रजीत लिहिणाऱ्यांना, मग ते पत्रकार असोत, एखाद्या संस्थेचा अहवाल लिहिणारे असोत की सोशल मीडियावर चार ओळी टाकणारे, एवढीच विनंती. विकत घेतलेल्या कुणबिणीला ‘स्लेव्ह’ लिहा, भीड धरू नका. रागाच्या भरात उसाच्या फडाला ‘स्लेव्हरी’ लिहू नका, कारण मालकीचा कागद तिथे कुणीच दाखवू शकत नाही आणि समोरचा तेवढ्यावर सुटतो. ‘उचल’ हा शब्द इंग्रजी वाक्यात तसाच ठेवा, घटनेने बेगार ठेवला तसा, आणि पुढे सांगा की किती घेतली, कुणी घेतली, किती फिटली, आणि फिटेपर्यंत त्या नवरा-बायकोला फड सोडून जाता येत होतं का. जाता येत नसेल तर ‘बाँडेड’ लिहा, आणि त्यांच्यासाठी अर्ज लिहित असाल तर तो शब्द पहिल्याच ओळीत घ्या.